फाट्यापर्यंत आलो, बाई

निवृत्त झाल्यापासून लोक मला एकच गोष्ट विचारतात. "वेड्यांच्या वॉर्डात एवढी वर्षं काढलीत, भीती नाही वाटली?" भीती कसली डोंबलाची! पेशंटपेक्षा त्यांच्या नातेवाइकांनीच मला जास्त घाबरवलं. भीती नाही वाटली, पण गोंधळ मात्र रोज उडायचा. आपण करतोय ते काय आहे, त्यानं कुणाचं भलं होतंय का, की नुसतीच आपली हौस भागतेय, हे मला नोकरीच्या शेवटच्या दिवशीही धड कळलेलं नव्हतं. आजही कळलेलं नाही. तेव्हा हा लेख वाचून काही शिकायला मिळेल अशी आशा धरू नका.

मी हिंगोलीतल्या एका दवाखान्याच्या मनोविकार वॉर्डात समाजसेविका होते. दहा खाटा, एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि मी. डॉक्टर गोळ्या द्यायचे, मी बोलायचे. पेशंट दाखल झाला की माझ्याकडे दोन पानांचा फॉर्म यायचा. पहिल्या पानावर आजार. दुसऱ्या पानावर घर: कोण कोण आहे, शेत किती, जनावरं किती, पेशंट घरात कुठं झोपतो, त्याचं ताट कोण वाढतं. हे दुसरं पान भरण्यात माझा हातखंडा होता. पंधरा मिनिटांत मी घरातल्या म्हशीच्या नावापर्यंत पोचायचे.

मग एकदा आम्हाला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या सरांनी एक नवी पद्धत शिकवली. तिचं कागदावरचं नाव भलं मोठं आहे, आपण साधं सांगू. पेशंटला त्रास का झाला, कधीपासून झाला, कुणामुळे झाला, हे उकरत बसायचं नाही. त्रास नसेल तेव्हा तुम्ही काय करत असाल, ते विचारायचं. आज समजा रात्री झोपेत चमत्कार झाला आणि सकाळी त्रास गेलेला असला, तर तो गेलाय हे तुम्हाला कशावरून कळेल? मग शून्य ते दहाची पट्टी काढायची. आज तुम्ही कितीवर आहात? एक आकडा पुढं जायला काय करावं लागेल? झालं. उपाय पेशंटजवळच असतो, आपण फक्त विचारायचं. सर म्हणाले, "त्याच्या पुढं पळू नका, एक पाऊल मागून चाला." मला हे फार म्हणजे फारच आवडलं. इतकी वर्षं लोकांची रडगाणी लिहून लिहून माझा हात दुखत होता.

परत आले आणि लागले की कामाला! पहिल्याच आजोबांना चमत्काराचा प्रश्न विचारला तर ते खाटेवर उठून बसले. "बाई, तुमी शिकलेल्या दिसता, अन् हे काय बुवाबाजी करून राहिल्या?" एका निवृत्त मास्तरांना पट्टी दाखवली. त्यांनी स्वतःला आठ दिले आणि लगेच मला चार दिले. "प्रश्न वाचून विचारता तुम्ही. पाठ पाहिजेत." सिस्टर आठवडाभर हसत होत्या. पण काही जणांना खरंच फरक पडला. बोलत नव्हते ते बोलायला लागले. मग मी शेफारले. दुसरं पान आता मला जुनाट वाटायला लागलं. मी ते कोरं ठेवून फॉर्म फायलीत लावायला सुरुवात केली.

अशातच केरबाभाऊ आले. नाव बदललेलं आहे. पन्नाशीचे, उंच, धनगर समाजाचे, वारंगा फाट्यापासून आत कोसभर असलेल्या एका गावचे. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला. कानात आवाज यायला लागले, जेवण तुटलं, आणि एके दिवशी मेंढरं घेऊन जे निघाले ते तीन दिवसांनी शिरड शहापूरच्या बाजूला एका पडीक रानात सापडले. जागेवर बसून होते. ओठ फुटले होते. मेंढरं मात्र सगळी धड होती, पाणी प्यालेली. थोरल्या भावानं त्यांना जीपमध्ये घालून आणलं, कागदावर अंगठा दिला आणि तो निघून गेला.

गोळ्यांनी चौथ्या-पाचव्या दिवसापासून आवाज कमी झाले. ते श्रेय डॉक्टरांचं. पण माझा उत्साह दांडगा होता, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी जाऊन बसले होते. चमत्काराचा प्रश्न विचारला. त्यांनी कूस बदलली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "सकाळी वाड्याचं फाटक उघडीन. बाजूला हुबा राहीन. एकेक मेंढरू भाईर निघंल, तेचं तोंड बघीन. समदे गेले की म्हनीन, बराबर हाय."

असं उत्तर दहा वर्षांत एकदा मिळतं. मी ते तारीख घालून वहीत लिहिलं आणि वर दोन रेघा मारल्या. मग पट्टी काढली. "केरबाभाऊ, शून्य म्हणजे अगदी वाईट आणि दहा म्हणजे ती सकाळ. आज कितीवर आहात?"

त्यांनी मान हलवली. "आमी मोजत न्हाई."

"मेंढरं नाही हो, तुमची तब्येत."

"कायबी मोजत न्हाई. मोजलं का नदर लागती. आमी वळखतो. कोन न्हाई ते तोंडावरून कळतं."

घ्या! पाच दिवसांचं प्रशिक्षण एका वाक्यात गारद. पण तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि तिचा मला पुढं किती अभिमान वाटला म्हणून सांगू! मी म्हटलं, "बरं, आकडा नको. आपण हिंगोलीत आहोत. तुमचा वाडा तिकडं. मधे रस्ता आहे. मनानं तुम्ही आज कुठवर पोचलात?"

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "हिंगोलीतच हाय की. गावाच्या भाईर पडलो न्हाई अजून."

झाली पट्टी तयार. हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा आणि मग गाव. रोज चार वाजता चहाच्या वेळी मी जायचे. "कुठवर?" ज्या दिवशी स्वतः दाढी केली त्या दिवशी म्हणाले, "कळमनुरीला आलो." शेजारच्या खाटेवरच्या पोराला हातानं भात भरवला, तेव्हा बाळापूर. आवाज दोन दिवस आले नाहीत, तेव्हा जरा हसून म्हणाले, "फाट्यापर्यंत आलो, बाई." मी सगळ्या वॉर्डाला चहा पाजला.

आणि गाडी तिथंच अडकली.

दुसऱ्या दिवशी फाटा. तिसऱ्या दिवशीही फाटा. "पुढं जायला काय करावं लागेल?" असं विचारलं की मान खाली. जेवण पुन्हा अर्ध्यावर आलं. डॉक्टरांनी घरी जायचा विषय काढला तर भिंतीकडे तोंड करून झोपले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आवाज गेलेत, गोळ्या चालू आहेत, तरी हा माणूस घरी जायला नको म्हणतो. भाऊ फोनवर म्हणतो, तिथंच ठेवा. आपल्याला खाट अडवता येत नाही. सोमवारपर्यंत बघा. नाहीतर मोठ्या इस्पितळात पाठवायचे कागद करू."

मोठं इस्पितळ म्हणजे आठ-दहा तासांचा प्रवास, दुसऱ्या टोकाला. तिथली माणसं वाईट नाहीत. पण माझ्या नोकरीत मी तिकडं पाठवलेल्यांपैकी परत आलेले फार थोडे पाहिले. पहिल्या महिन्यात घरचे जातात, मग सणाला जातात, मग त्यांचा फोन लागत नाही. केरबाभाऊंचा भाऊ तर आत्ताच फोन ठेवून मोकळा होत होता. हातात चार दिवस होते आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

त्या दिवशी त्यांची बायको, गोदाबाई, भेटायला आली. आधीही दोनदा आली होती, पण मी तिच्याशी "या, बसा" यापलीकडे बोलले नव्हते. नव्या पद्धतीत गरजच नव्हती ना! ती व्हरांड्यातल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी मोठ्या ऐटीत तिला वही दाखवली. म्हटलं, "बघा, तुमचे मालक काय म्हणालेत. वाड्याचं फाटक उघडीन, मेंढरांची तोंडं बघीन."

तिनं पदर तोंडाला लावला.

"ताई," ती म्हणाली, "मेंढरं कुटं हायत आता?"

"म्हणजे?"

"हे दवाखान्यात आले अन् दुसऱ्याच दिशी थोरल्या भाऊजींनी समदी इकून टाकली. बाळापूरच्या बाजारात. म्हनले, राखनार कोन? मी रडले, पडले, कोन ऐकतं? वाडा मोकळा पडलाय. त्यान्ला सांगू नका, ताई. तुमच्या पाया पडते. त्यायचा जीव जाईल."

मी तशीच उठून ऑफिसात गेले. फाईल काढली. दुसरं पान कोरं करकरीत. "घरातील जनावरे", त्यापुढे रेघ, आणि रेघेवर काही नाही. हे पान मी भरलं असतं तर गोदाबाईला पहिल्याच भेटीत गाठलं असतं आणि हे तेव्हाच कळलं असतं. मी एका माणसाला रोज चार वाजता, चहा पाजून पाजून, नसलेल्या मेंढरांकडे चालवत नेत होते. बाळापूरला आलात? शाब्बास! बाळापूरलाच तर त्यांचा बाजार झाला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सिस्टरनी विचारलं, "बीपी वाढलं का?"

आता सांगावं की नाही? सांगितलं तर सावरलेला माणूस पुन्हा कोसळणार, आणि सोमवारी मोठं इस्पितळ. नाही सांगितलं तर घरी जाऊन मोकळ्या वाड्यासमोर उभा राहणार, तेव्हा त्याच्याजवळ कोण असेल? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही त्यांना जास्त ओळखता. तुम्ही ठरवा." प्रशिक्षणाची वही काढली. तिच्यात याबद्दल एक ओळ नव्हती. घरी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, सांग. जेवण झाल्यावर म्हणाला, नको सांगू. दोन दिवस मी अशीच लोंबकळत काढले आणि रोज चार वाजता जाऊन, तोंड वर न करता, "कुठवर?" असं विचारत राहिले. खोटं बोलत नव्हते, पण खरं तरी कुठं बोलत होते?

शनिवारी ठरवलं, आज सांगायचंच. चहा घेऊन गेले. बसले. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं काय? "कुठवर आलात, केरबाभाऊ?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग चहाचा कप खाली ठेवला.

"बाई, तुमाला कळलं वाटतं."

"काय?"

"मेंढरं गेल्याचं. परवापासून तुमी माझ्या तोंडाकडं बघत न्हाई."

"तुम्हाला कुणी सांगितलं? गोदाबाईनं?"

"ती कशाची सांगती! पयल्यांदा आली तवाच कळलं मला. लुगड्याला लोकरीचा वास न्हवता. तीस वरसं झाली लग्नाला, तिच्या लुगड्याला वास न्हाई असा दीस न्हाई." एवढं बोलून त्यांनी डोळ्यांवर पंचा धरला. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मीही रडले. समाजसेविकेनं पेशंटसमोर रडू नये असं म्हणतात. म्हणोत बापडे.

जरा वेळानं मी विचारलं, "मग इतके दिवस मला का नाही सांगितलंत? मी रोज विचारत होते, तुम्ही रोज एकेक गाव पुढं..."

"सांगून काय व्हतं? ती बिचारी लपवून राहिली व्हती, तिला वाटू द्यावं का लपलंय. अन् तुमी इतक्या आशेनं येत व्हत्या. वही उघडून बसायच्या. म्हटलं, बाईची वही कोरी काहून ठिवायची?"

घ्या! म्हणजे दाढी, भात, कळमनुरी, बाळापूर, हे सगळं माझ्यासाठी? मी त्यांना बरं करत होते की ते मला खूश ठेवत होते? विचारलं, तर म्हणाले, "दाढी खरी केली की. भातबी खरा चारला. ते लेकरू उपाशी व्हतं." आजतागायत मला या प्रश्नाचा उलगडा झालेला नाही.

"मग फाट्यावर का थांबलात?"

त्यांनी पंचाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. या वेळी मी घाई केली नाही.

"फाट्यापर्यंत बस जाती," ते म्हणाले. "पुढं चालायचं. त्या वाटंनं मी कवाच एकला चाललो न्हाई, बाई. पोरगं व्हतो तवापासून न्हाई. मी पुढं, मेंढरं मागं. मागं वळून बघायचं नसतं. पावलं वाजत राहिली का समजायचं, हायत. आता मागं कायबी वाजनार न्हाई. पाय उचलंल का माझा?"

मेंढरं परत आणून देणं माझ्या हातात नव्हतं. सांत्वनाचं बोलावं, तर कुठल्या तोंडानं? शेवटी मी तोच जुना प्रश्न विचारला, पण या वेळी वही बंद होती. "काय झालं तर उचलेल?"

"कोनी मागं चाललं तर," ते म्हणाले. "बघू."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. मोठ्या इस्पितळाचे कागद झाले नाहीत. केरबाभाऊ गोळ्या घेतात, महिन्याला हिंगोलीला येतात. गावातल्या दोघा-तिघांच्या शेळ्या राखतात. शेळ्या त्यांना आवडत नाहीत. "आगाव जात हाय," म्हणतात. भावाशी बोलत नाहीत. मधे एकदा पुन्हा आवाज आले, आठ दिवस दाखल करावं लागलं. तेव्हा याला यश म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. मी त्यानंतर एकही फॉर्म दुसरं पान भरल्याशिवाय फायलीत लावला नाही, आणि चमत्काराचा प्रश्नही सोडला नाही. दोन्ही एकत्र कसं जमतं ते विचारू नका. सरांना कळलं असतं तर त्यांनी मला नापास केलं असतं.

तर दुसऱ्याच दिवशी, रविवारी, केरबाभाऊंना घरी सोडायचं ठरलं. डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि मला म्हणाले, "तुम्ही कशाला जाता?" मी म्हटलं, "सुट्टीच आहे, जाते." केरबाभाऊ, गोदाबाई आणि मी बसनं निघालो. गोदाबाई सकाळी त्यांना न्यायला आली तेव्हाच मी तिला सांगितलं होतं, त्यांना कळलेलं आहे म्हणून. ती त्यांच्याशेजारी बसली होती. बाळापूर आलं तेव्हा तिनं खिडकीची काच ओढून घेतली, आणि त्यांनी ती पुन्हा उघडली.

वारंगा फाट्यावर उतरलो. ऑटोवाले मागं लागले, "बसा मावशी, गावात सोडतो." केरबाभाऊंनी नको म्हणून हात केला. हॉटेलांची रांग संपते तिथून त्यांच्या गावची वाट फुटते. दोन्ही बाजूंना हळदीची रानं. ते वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि उभेच राहिले. मी मनात म्हटलं, संपलं, आता परतीची बस बघावी.

"गोदे," ते समोर बघत म्हणाले, "मागं ये."

गोदाबाई गांगरली. मला हळूच म्हणाली, "मी कवाच त्यायच्या मागं चालले न्हाई वो. ते रानात, मी घरी." मग डबा कमरेवर घेतला आणि त्यांच्यामागं जाऊन उभी राहिली.

"बाई, तुमीबी."

मी बाहेरगावची शिकलेली बाई, खांद्याला पर्स, पायात चपला. गेले आणि गोदाबाईच्या मागं उभी राहिले. केरबाभाऊंनी तोंडानं एक आवाज काढला. टाळ्याला जीभ लावून, लांब, हर्र करून. आणि ते चालू लागले. आम्ही दोघी मागं. ते वळून बघत नव्हते. मधेच मी चप्पल झटकायला थांबले तर तेही थांबले. तोंड पुढंच. मी चालू लागले तशी त्यांची पावलं पुन्हा पडायला लागली. मग मी थांबले नाही. पाय मुद्दाम वाजवत चालले, माझं वय आणि माझे गुडघे विसरून. समोरून मोटरसायकलवर कुणी ओळखीचा आला, त्यानं आमच्या वरातीकडे बघून गाडी हळू केली. हा माणूस बरा होऊन चाललाय की आपण तिघंही बिघडलोय, ते मला त्या कोसभर वाटेत शेवटपर्यंत कळलं नाही.

वाडा गावाच्या अलीकडेच होता. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत वाळलेल्या लेंड्या, बाकी काही नाही. केरबाभाऊंनी काटेरी फाटक ओढून बाजूला केलं आणि ते त्याच्या कडेला उभे राहिले. गोदाबाई आत गेली. त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. मी आत गेले. माझ्याही तोंडाकडे बघितलं. मग ते तसेच उभे राहिले, आम्ही आलो त्या वाटेकडे बघत. गोदाबाईनं माझा हात घट्ट धरला. वाटेवर कुणी नव्हतं. तरी ते थांबले, सगळा कळप आत यायला जितका वेळ लागायचा तितका वेळ.

मग त्यांनी फाटक लावून घेतलं.

"बराबर हाय," म्हणाले.